आईच्या खोलीला कुठला गुलाबी द्यावा?

नाशिकची लेक:
मंडळी, निर्णय होत नाहीये. आईची खोली रंगवायची आहे, १० बाय ११ ची. खिडकी एकच, उत्तरेची. बाहेर कडुनिंब, खाली हिरवट कोटा फरशी. आईला गुलाबीच हवा. दोन शेड उरलेत. एक निळसर झाक असलेला, बाळाच्या दुपट्यासारखा फिका. दुसरा पीचकडे जाणारा, जरा मातकट. दुकानात पहिला छान दिसला, घरी मात्र तेच कार्ड सकाळी जांभळट वाटतं. दुसरा रात्री ट्यूबखाली मळकट होतो.

त्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं बाकी आहे. एकेक डोळा झाकून ती कार्ड बघते. पहिला शेड उजव्याने थंड दिसतो म्हणते, डाव्याने तोच उबदार! दिवसभर ती याच खोलीत असते, रंग तिला आवडायलाच हवा.

रंगारी_सातारा:
ताई, कार्डावरून गुलाबी ठरवू नका. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, उजेड निळसर असतो, म्हणून पहिला जांभळट दिसतोय. हिरवट फरशीशेजारी गुलाबी आणखी उठतो. दोन्हींचे २०० मिलीचे डबे आणा. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा. पूर्ण वाळला की पुठ्ठा चारही भिंतींवर फिरवून बघा. गुलाबी भिंतींचा रंग एकमेकींवर पडून गडद भासतो, तेव्हा आवडलेल्यापेक्षा एक नंबर फिका घ्या. ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची असेल, तर ३००० ची, पिवळसर उजेडाची लावून बघा.

मीरा:
आई बरोबर सांगतायत. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. ऑपरेशनमध्ये ते काढून कृत्रिम भिंग बसवतात, मग निळी झाक स्पष्ट दिसू लागते. माझ्या बाबांना क्रीम वाटणारी चादर ऑपरेशननंतर चक्क पांढरी दिसली. उजव्या डोळ्याचं ऐका, डावाही पुढे तसंच बघणार आहे.

नाशिकची लेक:
दिवा बदलला, पुठ्ठे फिरवले. पीचचा मळकटपणा गेला! उजव्या डोळ्याने आईने तोच निवडला. त्यातलाच एक नंबर फिका घेते. छत पांढरंच ना?

रंगारी_सातारा:
हो, पण निळसर पांढरा नको, ऑफ-व्हाइट घ्या. भिंतींना मॅट. जुन्या भिंतींचे उंचवटे चकाकीत उठून दिसतात.