मदत हवी आहे : चौथीला शिकवू की पहिलीला आवरू?

शाळामास्तर : जि.प. शाळेत मी एकटाच. चौथीचा भागाकार घ्यायला उभा राहिलो की पहिलीची पोरं खिडकीच्या गजांवर चढतात. पहिलीजवळ बसलो की चौथीच्या गप्पा रंगतात. त्यात पोषण आहाराची माहिती ॲपवर भरायची, अन् रेंज नाही. ओरडून घसा बसलाय. लवकर सांगा. ‘प्रेमाने समजवा’ नको, ते करून झालं.

तापीकाठ : पट किती? आणि एकटे कसे? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक.

शाळामास्तर : पट ३४, पहिली ते चौथी. दुसरे सर मतदार यादीच्या कामाला.

कलमबहाद्दर : आरटीई कलम २७ बघा. अशैक्षणिक कामं देता येत नाहीत!

तापीकाठ : पूर्ण वाचा भाऊ. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक त्यातून वगळलंय. उगाच मास्तरांना अर्ज करायला लावू नका.

अहिराणीवाला : मूळ दुखणं भाषेचं. पोरांशी घरच्या बोलीत बोला. ‘आठे ये, काय करी ऱ्हायना?’ म्हटलं की पोर लगेच खुलतं. आमच्या साक्रीकडे मी पहिले दोन महिने पुस्तक उघडतच नाही.

शाळामास्तर : पोरं घरी पावरी बोलतात, अहिराणी नाही. शाळा शिरपूरच्या वर, सातपुड्याला लागून.

अहिराणीवाला : मग हे आधी लिहायचं ना!

डिजिटल गुरुजी : लोकवर्गणीतून टीव्ही घ्या. व्हिडिओ लावला की पहिली गपगार.

सुनंदाताई : गपगार बसणं म्हणजे शिकणं नव्हे, सर. मास्तर, भाषा-गणितापुरती इयत्ता विसरा. पहिली-दुसरी एक गट, तिसरी-चौथी दुसरा. आधी मोठ्यांना कामाला लावा: फळ्यावर दोन गणितं सोडवून दाखवायची, पाच वहीत द्यायची, झाली की जोडीदाराची वही तपासायची. मगच लहानांत जाऊन खाली बसायचं. त्यांचे हात रिकामे ठेवू नका. चिंचोके द्या, दहा-दहाचे ढीग करू देत, ढिगाशेजारी अंककार्ड ठेवू देत. पावरी-मराठी दोन्ही येणारी चौथीतली एखादी पोरगी सोबत घ्या, पण रोज तीच नको, तिचा अभ्यास बुडतो. आणि ओरडणं आजपासून बंद. मी तीन टाळ्या वाजवते, पोरं दोन वाजवून गप्प होतात. आठवडाभर सराव लागतो. घसा महिनाभर असाच राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

डिजिटल गुरुजी : टीव्हीला नावं ठेवणारे आधी वापरून तर बघा.

तापीकाठ : वापरला. आमचा कपाटात आहे, वर पोषण आहाराची पातेली.

बदलीग्रस्त : बदली पोर्टल कधी सुरू होणार, कुणाला माहीत आहे का?

तापीकाठ : वेगळा धागा काढा.

शाळामास्तर : ताई, उद्यापासून टाळ्या. पण चिंचोके? आमची पोरं भाजून खातील.

सुनंदाताई : मग नाल्यातले खडे आणा.

शाळामास्तर : बरं. आणि ॲपचं काय? ते कुणीच सांगितलं नाही.