.४४ मॅग्नमला रुमण्यासारखी मूठ द्यावी की बिस्ले?

माणदेशी_डॅलस (धागाकर्ता):

मंडळी, शनिवारी रेंजवर .४४ मॅग्नमची (रिव्हॉल्व्हरमधलं जोरदार काडतूस) अठरा काडतुसं उडवली आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर फुटलं. या वर्षातली ही चौथी वेळ. हत्यार रूगर कंपनीचं सुपर ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर. टेक्सासात रानडुकरं शेतं उकरून ठेवतात, त्यांच्यासाठीच घेतलंय.

गोळी २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), वेग सेकंदाला साधारण १,४०० फूट, रिव्हॉल्व्हरचं वजन तीन पाउंड. हिशेब मांडला तर उलट धक्क्याची ऊर्जा २० फूट-पाउंडांच्या आसपास येते. त्याच वजनाच्या हत्यारातून .३८ स्पेशल या हलक्या काडतुसाचा साधा बार काढला तर ती अडीचच्याही आत राहते. एवढा फरक आहे, मग दोन्हीला एकच मूठ कशी चालेल?

सिंगल ॲक्शनच्या, म्हणजे दर बाराला घोडा अंगठ्याने ओढावा लागतो अशा रिव्हॉल्व्हरच्या, जुन्या मुठीला इकडे 'प्लाऊ हँडल' म्हणतात. म्हणजे आपलं नांगराचं रुमणं. कोल्ट कंपनीने ती १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरला दिली आणि १८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मीला जवळपास तशीच ठेवली. बार झाला की मूठ तळहातात फिरते, नळी वर जाते, घोडा आपसूक अंगठ्याखाली येतो. जुन्या .४५ कोल्ट काडतुसापुरतं हे झकास होतं. मॅग्नममध्ये मात्र ती इतक्या जोरात फिरते की ट्रिगर गार्डची (ट्रिगरभोवतीच्या कडीची) पाठ बोटावर येऊन आदळते. त्यात सुपर ब्लॅकहॉकला १९५९ पासून चौकोनी पाठीचा गार्ड दिलेला. तो कोपरा नेमका पेरावर बसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जड काडतुसाला बिस्ले नावाची मूठच हवी. तिची पाठ वरपर्यंत उभी चढते, हात कुठे बसायचा ते ठरलेलं असतं, बोट आणि गार्ड यांच्यात जागा राहते आणि मूठ हातातून सरकत नाही. .४४ मॅग्नमला रुमणं लावून विकणं थांबायला हवं, इतक्या ठामपणे मी हे म्हणतो.

काळवीट:

पूर्ण असहमत. मूठ फिरते हा तिचा दोष नाही, तिचं कामच ते आहे.

गोळी आणि दारूचा वायू पुढे जाताना जेवढा रेटा मागे देतात, तेवढा मूठ कुठलीही असली तरी येणारच. प्रश्न तो कसा येतो याचा. नळी हातापेक्षा वर असते, त्यामुळे हत्यार नुसतं मागे येत नाही, गिरकी घेतं. रुमण्यासारखी मूठ त्या गिरकीला वाट देते. धक्का थोडा लांबतो, आणि लांबलेला धक्का हाताला हलका लागतो. बिस्ले गिरकी अडवते. अडवलेला रेटा जाणार कुठे? तळहातातून सरळ मनगटात.

लहानपणी आमच्या शेतात नांगर धरलाय म्हणून सांगतो. फाळाला दगड लागला की रुमणं उसळतं. आवळून धरलं की कोपरापर्यंत कळ जाते. वडील म्हणायचे, धर, पण अडवू नकोस.

आणि रुमणं मॅग्नमला झेपत नाही म्हणता, तर फ्रीडम आर्म्स कंपनीचं .४५४ कॅसूल हे त्याहून जड काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बघा. १९८३ पासून मिळतं. २६० ग्रेनच्या गोळीला सेकंदाला १,८०० फुटांच्या वेगाने फेकताना धक्का ३५ फूट-पाउंडांच्या घरात जातो, आणि त्याची मूठ जुन्या कोल्टच्याच घराण्यातली आहे. लोक त्याने शिकार करतात. तुमचं पेर फुटतं कारण तुम्ही हात फार वर, गार्डला भिडवून धरता. करंगळी मुठीच्या बुडाखाली घ्या. हात बोटभर खाली येईल आणि गार्ड लागणार नाही.

निळावंती:

दोघांचे हात मोठे असावेत असं वाचताना वाटलं. माझा हात लहान आहे, आणि माझं .४४ डबल ॲक्शन आहे (ट्रिगर ओढला की घोडा आपोआप मागे जातो), स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९. तिथे मूठ फिरत नाही, कारण पाठीच्या वरच्या टोकाला उंचवटा असतो. हात त्याखाली अडतो आणि बार झाला की तो उंचवटा अंगठा-तर्जनीच्या बेचकीत घुसतो.

पहिल्यांदा मी अरुंद लाकडी मुठीवर शिकले. तिच्यात दोन गोष्टी जाचायच्या. एक, गार्डच्या मागे पोकळी. मधलं बोट त्या पोकळीत वर सरकायचं आणि मार खायचं. दुसरी, पाठीची उघडी पोलादी पट्टी, जेमतेम एका बोटाच्या रुंदीची. अख्खा धक्का तेवढ्याशा जागेत. सहा बारांनंतर बेचकीत त्या पट्टीची लाल रेघ उमटलेली असायची, दोन्ही कडा स्पष्ट दिसतील अशी.

मग पाठ झाकणारी रबरी मूठ बसवली. पोकळी भरली, पट्टी रुंद झाली, रेघ उमटायची थांबली. रेटा तोच, जागा वाढली. पण पाठीवर रबराचा थर आला तेवढा ट्रिगर लांब गेला. आता डबल ॲक्शनमध्ये माझ्या तर्जनीचं फक्त टोक पोचतं आणि नेम एका बाजूला जातो. बोटांच्या खाचा तर दुसऱ्याच कुणाच्या बोटांचं माप घेऊन काढल्यात. माझं एक बोट बरोबर दोन खाचांमधल्या उंचवट्यावर येतं. म्हणून मला रुमणं की बिस्ले हा वाद अर्धाच वाटतो. रुंदी किती आणि ट्रिगरपर्यंतचं अंतर किती, हे आधी विचारा.

हातवैद्य:

मी ॲरिझोनात फिजिओथेरपिस्ट आहे, बहुतेक काम हाताचंच. माणदेशी, फुटलेलं पेर आठवड्यात भरतं. ते दिसतं, म्हणून आपण त्याला घाबरतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा आणि कोपराच्या बाहेरचे स्नायूबंध कुरकुरायला लागतात ते न दिसता, आणि बरे व्हायला महिने घेतात. बिस्लेने पेर वाचवताना तुम्ही भार त्या बाजूला सरकवत असाल, एवढं लक्षात ठेवा. मुठीपेक्षा माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. एका दिवसात अठरा जड काडतुसं कशासाठी? सराव .४४ स्पेशल या हलक्या काडतुसांवर करा. ती त्याच सिलिंडरमध्ये चालतात. शेवटची सहा मॅग्नमची ठेवा.

माणदेशी_डॅलस:

निळावंतीताई, पट्टीच्या रुंदीचा मुद्दा मी धरलाच नव्हता. बरोबर आहे तुमचं. आणि वैद्यबुवा, स्पेशलचं ऐकतो.

काळवीटदादा, करंगळीचं करून बघितलं. गार्ड लागला नाही, हेही मान्य. पण प्रत्येक बारानंतर हत्यार हातात वेगळ्याच जागी आलेलं असतं आणि पकड नव्याने बसवावी लागते. डुकरं कळपाने येतात. जखमी झालेलं जनावर वळलं तर दुसरा बार लगेच हवा. नांगर बैलाच्या चालीने चालतो, रुमणं परत धरायला वेळ असतो. इथे नसतो.

हे एकट्या माझं मत नाही. एल्मर कीथने, .४४ मॅग्नम घडवण्यात ज्याचा मोठा वाटा, त्याने १९२० च्या दशकात स्वतःसाठी 'नंबर ५' नावाचं रिव्हॉल्व्हर करून घेतलं, तेव्हा पाठ बिस्लेची घेतली आणि पुढची बाजू सिंगल ॲक्शन आर्मीची ठेवली. रूगरची बिस्ले १८९४ च्या कोल्ट बिस्लेपेक्षा त्याच मुठीला जवळची आहे. वर्षानुवर्षं जड काडतुसं उडवणाऱ्या माणसाने काय निवडलं याला मी वजन देतो.

काल मित्राचं बिस्ले मुठीचं .४४ मागून घेतलं. बारा बार. पेर शाबूत. दर बारानंतर घोडा ओढला तेव्हा हात जिथल्या तिथे होता. अंगठ्याच्या बुडाशी मात्र संध्याकाळपर्यंत बधिर होतं, ते लपवत नाही. तरी मत बदललेलं नाही.

काळवीट:

तो बधिरपणा म्हणजेच माझा मुद्दा, भाऊ. बारा बारांत एवढं, तर हंगामभर काय?

दुसऱ्या बाराचं तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. मी हरणावर एकच बार टाकतो, वळणाऱ्या डुकरासमोर कधी उभा राहिलेलो नाही. पण रुमणं बंद करा हे मी मानणार नाही. पुढच्या शनिवारी दोन्ही हत्यारं घेऊन या, मी ह्यूस्टनहून येतो. काडतुसं एकाच डब्यातली, दोन्हीतून सहा-सहा, मध्ये अर्धा तास विश्रांती. आणि रविवारी सकाळी उठल्यावर उजव्या हाताने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून बघा. पुढच्या आठवड्यात मुठींचा क्रम उलटा करून पुन्हा. मग इथे लिहा.