लहान मुलांसाठी कप्प्यांचा डबा कसा निवडावा?

प्रश्न

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असून लवकरच बालवाडीत जाऊ लागेल. तेथे मुले सकाळच्या वेळात एकदाच डबा खातात. त्यासाठी जेमतेम वीस मिनिटे मिळतात आणि शिक्षिकांना बऱ्याच मुलांकडे लक्ष द्यावे लागत असल्यामुळे प्रत्येकाचा डबा त्यांनी उघडून द्यावा, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. आजवर ती घरीच जेवत असल्याने डब्याचा विचार करण्याची वेळ आली नव्हती. आता पाहू लागले तर दोन कप्प्यांपासून सहा कप्प्यांपर्यंत, पूर्ण स्टीलचे, पूर्ण प्लास्टिकचे, बाहेरून प्लास्टिक आणि आत स्टीलचे ताट असलेले असे अनेक प्रकार समोर आले. दिसायला सगळेच सुबक आहेत आणि ‘गळत नाही’ असा दावाही जवळपास सगळ्यांवर छापलेला आहे.

एका पदार्थाचे पाणी दुसऱ्याला लागलेले तिला अजिबात चालत नाही. फळाच्या रसाने भिजलेले बिस्कीट ती तोंडालाही लावत नाही, त्यामुळे कप्पे हवेत हे नक्की. कप्पे किती असावेत, डबा किती मोठा असावा आणि स्टील घ्यावे की प्लास्टिक, याबद्दल अनुभवी पालकांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

कप्प्यांच्या संख्येचा प्रश्न तुम्ही पहिला मांडला आहे, पण माझ्या मते तो सर्वांत शेवटी सोडवावा. पहिला प्रश्न झाकणाचा आहे. मुलीला जो डबा स्वतः उघडता येत नाही, तो आतून कितीही सोयीचा असला तरी तिच्यासाठी बंदच राहणार. मोठ्यांच्या हातात सहज ‘टक्’ करून उघडणारी क्लिप या वयाच्या मुलाला किती जड जाते, हे जवळ बसून एकदा पाहावे. मूल क्लिपच्या कडेखाली नख घालते, नख निसटते, मग डबा पोटाशी धरून ते दोन्ही हातांनी जोर लावते आणि झाकण एकदम उघडले की निम्मे खाणे मांडीवर येते. म्हणून क्लिप रुंद असावी, तिच्याखाली बोटाचे पहिले पेर मावेल एवढी खाच असावी आणि शक्यतो एकच क्लिप असावी. झाकण बिजागरीने डब्याला जोडलेले असले की ते हरवत नाही आणि शेजारच्या मुलाच्या झाकणाशी अदलाबदलही होत नाही.

उघडण्याइतकेच बंद करणेही महत्त्वाचे आहे, आणि याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. उरलेले खाणे अर्धवट बंद झालेल्या डब्यातून दप्तरात सांडते, तेव्हा दोष डब्याच्या गळण्याचा नसतो. क्लिप बसल्याचा आवाज स्पष्ट येत असेल तर ‘आवाज आला म्हणजे डबा बंद झाला’ एवढे मुलांना लवकर समजते. नवीन डब्याच्या झाकणाच्या आत बसवलेली, रबरासारख्या सिलिकॉनची पट्टी सुरुवातीला घट्ट असते, म्हणून बालवाडी सुरू होण्यापूर्वी काही दिवस घरचे खाणे त्याच डब्यातून द्यावे आणि मदतीला हात पुढे न करता नुसते पाहावे.

आकाराबाबत बाहेरची लांबी-रुंदी पाहून फसगत होते, कारण दुहेरी भिंती, पट्टीची खाच आणि आतले वेगळे ताट यांत बरीच जागा जाते. प्रत्येक कप्प्यात काठोकाठ पाणी भरून ते मापाच्या भांड्यात ओतावे, किंवा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलावे. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर. या वयाला एका वेळच्या खाण्यासाठी एकूण ३०० ते ४५० मिलिलिटरचा डबा पुरेसा होतो, असे माझे मत आहे. डबा त्याहून मोठा असला तर दोन गोष्टी घडतात. अर्धा रिकामा ठेवला तर आतले पदार्थ हेलकावे खाऊन विस्कटतात, आणि रिकामे कप्पे आपल्याला बघवत नाहीत म्हणून आपण ते भरत जातो, तर मुलासमोर न संपणारा ढीग येतो.

एवढे ठरल्यावर कप्प्यांकडे यावे. मला तीन कप्पे योग्य वाटतात: एक मोठा आणि दोन लहान. पाच-सहा चिमुकल्या कप्प्यांबद्दल माझा आक्षेप वेगळाच आहे. त्यांत बसते तरी काय, तर लहान, गोल आणि कडक वस्तू, आणि नेमक्या त्याच या वयात घशात अडकतात. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे किंवा सुकामेव्यातील अख्खी कडक फळे देऊ नयेत, आणि द्राक्षे द्यायची तर उभी चिरून चार फोडी करून द्यावीत. बालवाडीत मुले बोलत, हसत, घाईने खातात आणि आपण समोर नसतो, म्हणून ही काळजी घरापेक्षा डब्यात अधिक घ्यावी.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात साहित्याचा मुद्दा राहिला आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

स्टील घेणार असाल तर ‘३०४’ हा आकडा किंवा ‘१८/८’ अशी खूण पाहावी. १८/८ म्हणजे त्या मिश्रधातूत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ‘२०१’ प्रकारच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. ते स्वस्त पडते, परंतु खारट आणि आंबट पदार्थांच्या सतत संपर्काने त्यावर, विशेषतः जोडाच्या जागी, गंजाचे ठिपके लवकर येऊ शकतात. चुंबक लावून पाहण्याची युक्ती अनेक जण सुचवतात, पण ती भरवशाची नाही, कारण चुंबक २०१ लाही सहसा चिकटत नाही आणि उलट चांगले ३०४ स्टील ठोकून-दाबून आकार देताना वळणांवर किंचित चुंबकीय होऊ शकते. स्टीलला वास किंवा डाग धरत नाही, आणि पडले तर फुटत नाही. मात्र काठाला पोचा आला की झाकण पूर्वीसारखे बसत नाही आणि स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही.

प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक अंक असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि खाण्याच्या डब्यासाठी मी तेच निवडतो. ७ हा ‘इतर सर्व’ असा गट आहे. बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, हे रसायन ज्यापासून येते ते पॉलिकार्बोनेट याच गटात मोडते आणि बीपीए नसलेली काही प्लास्टिकेही याच गटात येतात, त्यामुळे नुसत्या ७ वरून काहीच कळत नाही. हा अंक १९८८ साली पुनर्वापरासाठी प्लास्टिकची जात ओळखता यावी म्हणून सुरू झाला. तो सुरक्षिततेचा दाखला नाही. अन्नासाठी योग्य असल्याची खूण म्हणून पेला आणि काटाचमचा यांचे चिन्ह पाहावे. युरोपीय संघाने बाळांच्या दुधाच्या बाटल्यांमध्ये बीपीएवर २०११ मध्ये बंदी घातली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या इतर बहुतेक वस्तूंपर्यंत वाढवली, तेव्हा बीपीए अन्नात उतरून अपाय करेल ही भीती निराधार म्हणता येणार नाही. तरीही ‘बीपीए-मुक्त’ ही अक्षरे एका रसायनाबद्दल बोलतात, सगळ्या डब्याबद्दल नाही. आतून ओरखडे पडलेला आणि पांढुरका झालेला प्लास्टिकचा डबा बदलावा, कारण त्या ओरखड्यांत तेलकटपणा आणि जंतू दोन्ही टिकून राहतात.

प्रतिसाद ३

प्रतिसाद १ मधील जास्त कप्प्यांवरचा आक्षेप मला पूर्णपणे पटत नाही. काय भरायचे हे शेवटी आपल्या हातात असते. जे मूल नवीन पदार्थाला बिचकते, त्याच्यासाठी एखादा अगदी लहान कप्पा फार उपयोगी पडतो: नव्या पदार्थाचा नखाएवढा तुकडा तेथे ठेवावा आणि बाकी सर्व ओळखीचे द्यावे. खाल्ले तर उत्तम, नाही खाल्ले तरी बाकीच्या खाण्याला त्याचा स्पर्श झालेला नसतो. तुमच्या मुलीच्या सवयी वाचून मी चार कप्प्यांपर्यंत जाईन.

स्टीलच्या बाबतीत मात्र वजनाचा विचार करावा. मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत असावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मूल १५ किलोचे धरले तर १० टक्क्यांच्या हिशोबाने दीड किलो होतात. त्यात अर्धा लिटर पाण्याचेच अर्धा किलो गेले, वर बाटली, दप्तर आणि कपड्यांचा जादा जोड. अशा वेळी रिकामाच अर्धा किलो भरणारा डबा मला नको वाटतो.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. झाकणाचा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता. आणखी दोन शंका आहेत. गळण्याच्या दाव्याची खात्री घरी कशी करून घ्यावी? आणि एकाच डब्यात एका कप्प्यात गरम भात व दुसऱ्यात दही किंवा फळे देता येतात का? डबा भरल्यापासून खाईपर्यंत साधारण साडेतीन तास जातात.

प्रतिसाद ४

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण ते स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार शिजवलेले अन्न गरम ठेवायचे तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ठेवायचे तर शक्यतो ५ अंशांच्या खाली ठेवावे आणि सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहू देऊ नये. कप्प्यांचा डबा उथळ आणि पातळ भिंतींचा असल्यामुळे त्यात गरम भात लवकरच कोमट होतो आणि जाता जाता शेजारच्या दह्यालाही कोमट करतो. म्हणजे जंतूंना जे तापमान सर्वांत मानवते, त्यातच दोन्ही पदार्थ साडेतीन तास राहतात. भाताबाबत तर अधिक जपावे लागते, कारण बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहू शकतात आणि कोमट भातात वाढतात.

तेव्हा सगळे थंड द्यावे, किंवा गरम पदार्थ वेगळ्या निर्वात भिंतींच्या थर्मास-डब्यात द्यावा. थंड द्यायचे तर शिजवलेला पदार्थ पसरट ताटात पसरून लवकर निववावा, फ्रिजमध्ये गार करावा आणि मग भरून उष्णतारोधक पिशवीत बर्फाच्या पॅकसह ठेवावा. गार हवा खाली उतरते, म्हणून पॅक डब्याच्या वर ठेवणे चांगले. थर्मास-डब्यात आधी उकळते पाणी पाच-दहा मिनिटे ठेवून ते ओतून द्यावे आणि मग कढत पदार्थ भरावा. परंतु अशा डब्याचे फिरकीचे झाकण साडेतीन वर्षांच्या हाताला उघडणे कठीण असते, त्यामुळे तुमच्या मुलीसाठी सध्या थंड किंवा कोरडे खाणेच सोयीचे ठरेल.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट सांगते. वाफाळते अन्न भरून घट्ट डबा लगेच बंद केला तर आतली वाफ निवून तिचे पाणी होते, आतला दाब उतरतो आणि झाकण आत ओढले जाऊन घट्ट चिकटते. घरी सहज उघडणारा डबा बालवाडीत उघडत नाही, यामागे पुष्कळदा हेच कारण असते. शिवाय झाकणाला धरलेले ते पाणी नंतर सगळ्या कप्प्यांत ठिबकते आणि कोरडे पदार्थ मऊ पडतात.

आता गळण्याबद्दल. ‘गळत नाही’ या शब्दांत दोन वेगळे दावे मिसळलेले असतात: डब्यातून बाहेर गळत नाही आणि एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात झिरपत नाही. तुम्हाला दुसरा हवा आहे. तो खरा ठरायचा तर झाकणाच्या आतली सिलिकॉनची पट्टी बाहेरच्या काठावर आणि कप्प्यांमधल्या प्रत्येक भिंतीच्या माथ्यावरही दाबून बसली पाहिजे. काढता-घालता येणाऱ्या आडभिंती खालून किंवा बाजूने झिरपतात आणि स्टीलच्या बऱ्याच डब्यांत मधली भिंत झाकणापर्यंत पोहोचतच नाही. तपासण्यासाठी एका कप्प्यात रंग घातलेले पाणी भरावे, बाकीच्या कप्प्यांत कोरडा टिश्यू कागद अंथरावा, झाकण लावून डबा आधी उभा, मग उलटा दहा मिनिटे ठेवावा आणि शेवटी दप्तर हलते तसा हलवावा. कागदावर रंग कोठे उमटला आहे ते पाहिले की कोणती भिंत कच्ची आहे हे लगेच कळते. या कसोटीला फार थोडे डबे उतरतात. घट्ट दही जागच्या जागी राहते, पण त्याला सुटलेले पाणी वाट काढते. म्हणून अगदी पातळ पदार्थ द्यायचाच असेल तर मोठ्या कप्प्यात बसणारी, फिरकीच्या झाकणाची छोटी डबी वेगळी ठेवावी आणि ती मुलीला उघडता येते ना, हेही पाहावे.

प्रतिसाद ५

धुण्याबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून थोडेसे. पट्टी झाकणापासून सुटी होत नसेल तर तो डबा घेऊ नये. पट्टीमागच्या खाचेत ओल राहते आणि काही आठवड्यांनी तेथे बारीक काळ्या ठिपक्यांची रेघ दिसू लागते. ती बुरशी असते आणि वरवर घासून निघत नाही. पट्टी रोज काढून धुवावी आणि रात्रभर उघड्यावर वाळू द्यावी. कप्प्यांचे कोपरे गोलाईचे असावेत, म्हणजे बोटाने घासणी सर्वत्र फिरते. सिलिकॉनला वास धरला तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवावे, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेले तेलकट रंग उन्हात ठेवल्यावर बरेच फिके पडतात.

घेण्यापूर्वी सुटी पट्टी वेगळी विकत मिळते का, हे विचारावे, कारण डब्यात आधी खराब होते ती पट्टीच. धुऊन परत बसवताना तिच्यावरून बोट फिरवून पाहावे. एखाद्या कोपऱ्यात ती पिळली गेली असेल तर तुमची रंगीत पाण्याची कसोटी पार केलेला डबाही नेमका तेथूनच गळतो.