इटलीची पहिली वारी: प्रवास आणि मुक्कामाचा आराखडा तपासून हवा आहे

गुलबक्षी
नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात इटलीला जायचं ठरतंय. मी, नवरा, मुलगा (वय ११) आणि सासूबाई (वय ७१, सपाटीला छान चालतात, जिने मात्र नकोत). सगळे शाकाहारी. टूर कंपनीबरोबर जायचं नाही. मुंबईहून निघणार, दहा रात्री हातात आहेत. कच्चा आराखडा असा:

रोम ३, नेपल्स १, फ्लॉरेन्स २, चिंक्वे तेर्रे १, व्हेनिस २, मिलान १. मग मिलानहून रेल्वेने रोमला परत आणि तिथून विमान.

प्रश्न: रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटं? व्हेनिसमध्ये राहावं की स्वस्त पडतं म्हणून मेस्त्रेला (व्हेनिसच्या अलीकडचं, जमिनीवरचं उपनगर)? हॉटेल बरं की अपार्टमेंट? एखाद्या टप्प्यावर गाडी भाड्याने घ्यावी का? आणि व्हिसा हातात येण्याआधी काय बुक करायचं, काय नाही?

वाटसरू
आधी आराखड्याबद्दल, कारण बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. दहा रात्रींत सहा मुक्काम म्हणजे जवळपास रोज बॅगा भरणे. तिकडे खोली सकाळी १०-११ ला सोडावी लागते आणि पुढची दुपारी २-३ च्या आधी मिळत नाही. मधले चार-पाच तास सामानाच्या मागे जातात. सासूबाई बरोबर आहेत म्हटल्यावर हे नकोच.

मी असं सुचवेन: व्हेनिस २, फ्लॉरेन्स ४, रोम ४. मिलान आणि चिंक्वे तेर्रे सरळ काढून टाका. चिंक्वे तेर्रेच्या गावांत चढउतार फार आहे. कॉर्निलियाला तर स्टेशनपासून गावात जायलाच ३८० च्या आसपास पायऱ्या आहेत. शटल बस असते, पण मे महिन्यात तिला गर्दी. नेपल्स आणि जवळचं पाँपेई (प्राचीन शहराचे अवशेष) रोमहून एका दिवसात होतं, पिसा फ्लॉरेन्सहून अर्ध्या दिवसात.

विमानाचं तिकीट मल्टी-सिटी काढा: जाताना मुंबई ते व्हेनिस, येताना रोम ते मुंबई. आखाती शहरांत विमान बदलून व्हेनिसला उतरता येतं. साध्या रिटर्नपेक्षा थोडं महाग दिसेल. पण रोमला परत येण्याची चार तिकिटं आणि वाया जाणारा दिवस धरलात तर स्वस्तच पडतं.

तारखा ठरवताना तीन गोष्टी पाहा. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असतं (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). फ्लॉरेन्सचं उफीत्सी कलासंग्रहालय सोमवारी बंद. आणि १ मे ला व्हॅटिकन संग्रहालय बंद, शिवाय शहरबसही बऱ्याच ठिकाणी कमी धावतात. त्या दिवशी शहर बदलण्याचा घाट घालू नका.

रूळावरून
पास नको. इटलीत वेगवान गाड्यांना पास असला तरी सीटचं आरक्षण वेगळं काढावं लागतं आणि त्याचे माणशी १० यूरो किंवा जास्तच लागतात. तुमचे मोठे प्रवास दोनच आहेत, फारतर नेपल्स धरून तीन. त्यासाठी पास परवडत नाही.

वेगवान मार्गावर दोन कंपन्या आहेत: सरकारी त्रेनितालिया (त्यांची फ्रेचारोसा) आणि खासगी इतालो. दोन्हींचे दर विमानासारखे बदलतात. व्हेनिस ते फ्लॉरेन्स सव्वादोन तास, फ्लॉरेन्स ते रोम दीड-पावणेदोन तास, रोम ते नेपल्स सव्वा तास. फ्लॉरेन्स-रोम लवकर काढलं तर वीस-पंचवीस यूरोत मिळून जातं, आयत्या वेळी तेच पन्नास-साठला.

त्रेनितालियाच्या तिकिटाचे प्रकार नीट वाचा, इथेच लोक अडकतात. सुपर इकॉनॉमी सर्वांत स्वस्त, पण त्यात बदलही नाही आणि परतावाही नाही. इकॉनॉमीत गाडी सुटण्याआधी बदल करता येतो, पण परतावा नाही. बेसमध्ये बदल मोकळा आणि रद्द केल्यास थोडी कपात होऊन पैसे परत. मुलाचंही पाहा. त्रेनितालियावर १५ वर्षांखालच्या मुलाला बेस भाड्याच्या निम्मं भाडं लागतं, आणि कधीकधी मोठ्यांचं सुपर इकॉनॉमी त्याहून स्वस्त असतं. म्हणून एकदा चार प्रौढ टाकूनही किंमत बघा.

शोधताना शहरांची इटालियन नावं टाका: फिरेन्झे, व्हेनेत्सिया, नापोली. आणि स्टेशनही अचूक निवडा. फ्लॉरेन्सला 'सांता मारिया नोव्हेला' हवं. काही गाड्या फक्त कॅम्पो दी मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबतात, तिथून शहरात पुन्हा लोकल पकडावी लागते. रोमला 'तेर्मिनी' हवं, तिबुर्तीना नको. व्हेनिसला 'सांता लुचिया'.

स्टेशनवरच्या बोर्डावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, तुमचं नाही. फ्लॉरेन्सहून रोमला जाणारी गाडी बोर्डावर 'नापोली' किंवा 'सालेर्नो' म्हणून दिसू शकते. त्यामुळे गाडीचा नंबर जुळवा. फलाट सुटण्याच्या दहा-वीस मिनिटं आधीच लागतो, तोवर सगळेच माना वर करून उभे असतात. मोठ्या स्टेशनांत फलाटावर जायला तिकीट दाखवावं लागतं.

पिसाची गाडी मात्र रेजोनाले, म्हणजे आपली पॅसेंजर म्हणा. भाडं ठरलेलं, आगाऊ काढून फायदा नाही. कागदी तिकीट फलाटाजवळच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, मगच गाडीत चढायचं. ॲपवर काढलं असेल तर चढण्याआधी त्यात 'चेक-इन' करायचं. ते राहिलं तर खिशात तिकीट असूनही दंड होतो, आणि 'आम्ही पर्यटक, ठाऊक नव्हतं' हे तिथे चालत नाही. दुसरं, पिसा चेंत्राले स्टेशनपासून मनोरा वीस-पंचवीस मिनिटं चालत आहे. पिसा सान रोस्सोरे या छोट्या स्टेशनवर उतरलात तर पाच-सात मिनिटांत पोचता. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, थांबणारी निवडा.

सासूबाईंसाठी: गाड्यांना चढायला दोन-तीन पायऱ्या असतात आणि हमाल मिळतीलच असं नाही. मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची मोफत मदत सेवा आहे. एक दिवस आधी कळवलं की व्हीलचेअर आणि गाडीत चढायला लिफ्ट देतात. आढेवेढे न घेता वापरा, वयस्कर प्रवाशांसाठीच आहे ती.

चाफेकळी
मुक्कामाचं मी सांगते.

व्हेनिस: मेस्त्रे स्वस्त आहे आणि तिथून सांता लुचियाला गाडी दहा-बारा मिनिटांत जाते, भाडं दीड यूरोच्या आसपास. पण दोनच रात्री असतील तर व्हेनिसमध्येच राहा. दिवसाचे पर्यटक संध्याकाळी परत गेले की गल्ल्या मोकळ्या होतात, आणि नेमक्या त्याच वेळी मेस्त्रेत राहणारा माणूस गाडी पकडायला पळत असतो.

प्रश्न आहे तो पुलांचा. व्हेनिसमध्ये मोटार नाही, रिक्षा नाही, आणि जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या. हॉटेलवाले 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहितात, मध्ये तीन पूल आहेत हे लिहीत नाहीत. नकाशात मोजा. तुमच्यासाठी उत्तम जागा म्हणजे लिस्ता दी स्पान्या हा रस्ता. सांता लुचियातून बाहेर पडून डावीकडे वळलं की हाच, आणि गुल्ये पुलापर्यंत एकही पूल ओलांडावा लागत नाही. रस्ता जरा बाजारी आहे, पण गुडघ्यांना चांगला.

विमानतळावरून थेट पियात्साले रोमाची बस घेऊ नका. ती व्हेनिसच्या तोंडाशी सोडते खरी, पण तिथून स्टेशनच्या बाजूला यायला पायऱ्यांचा मोठा पूल चढावा लागतो, आणि पावसात तो निसरडा होतो. त्यापेक्षा विमानतळ ते मेस्त्रे स्टेशन बस आणि तिथून सांता लुचियाची गाडी. एक बदल वाढतो, पण पूल टळतो. पाण्यातली बस म्हणजे व्हापोरेत्तो, तिचं ७५ मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ यूरो आणि २४ तासांचा पास २५ यूरो. दिवसात तीन फेऱ्या झाल्या की पास वसूल.

फ्लॉरेन्स: स्टेशन आणि दुओमो (शहराचं मुख्य चर्च) यांच्या मधल्या पट्ट्यात घ्या. सगळं चालत होतं, टॅक्सीची गरजच पडत नाही. रस्ते दगडी फरशांचे आहेत, बॅगांची चाकं मोठी आणि मजबूत हवीत.

रोम: तेर्मिनीजवळ राहा, त्यातही एस्क्विलिनो भाग, पियात्सा व्हित्तोरियोच्या बाजूला. तिथे भारतीय आणि बांगलादेशी वाणसामानाची दुकानं आहेत, मोठी मंडई आहे आणि मेट्रोची ए लाइन दाराशी. परिसर गुळगुळीत नाही, कोणी नाकं मुरडतील, पण डाळ, तांदूळ, कोथिंबीर, मिरच्या मिळतात. विमानतळाला जायला तेर्मिनीहून लेओनार्दो एक्स्प्रेस आहे: ३२ मिनिटं, मोठ्या माणसाला १४ यूरो, १२ वर्षांखालचं मूल मोठ्यांबरोबर फुकट. तुमचे ४२ होतात. विमानतळ ते रोमच्या जुन्या तटबंदीच्या आतलं ठिकाण, यासाठी टॅक्सीचा महापालिकेने ठरवलेला एकरकमी दर आहे आणि तो त्याहून थोडाच जास्त पडतो, सामानासकट. चौघं असाल तर टॅक्सीच. फक्त अधिकृत पांढरी गाडी घ्या आणि बसण्याआधी एकरकमी दराचं बोलून घ्या.

हॉटेल की अपार्टमेंट? व्हेनिसला दोन रात्रींसाठी हॉटेल, फ्लॉरेन्स आणि रोमला दोन बेडरूमचं अपार्टमेंट. सासूबाईंना रोज पिझ्झा-पास्ता चालणार नाही, खिचडी टाकता आली की प्रश्न मिटतो. प्रेशर कुकर तिथे नसतो, छोटा घेऊन जा. बुक करण्याआधी मालकाला विचारायचं: लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत पोचायला किती पायऱ्या? जुन्या इमारतींत लिफ्ट नंतर बसवलेली असते. पाच-सहा पायऱ्या चढून गेल्यावर ती सुरू होते आणि त्यात दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग एवढंच मावतं. 'लिफ्ट उपलब्ध' एवढ्यावर विसंबू नका, फोटो मागवा.

भाड्याच्या घराला सीआयएन नावाचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक लागतो, २०२५ पासून तो जाहिरातीत छापणं सक्तीचं आहे. नसेल तर ते घर सोडून द्या.

शहर कर खोलीच्या दरात धरलेला नसतो, तो तिथे भरायचा. रोममध्ये तीन तारांकित हॉटेलला माणशी दर रात्री ६ यूरो. दहा वर्षांखालच्यांना माफ, म्हणजे तुमच्या मुलाचा लागणार. हॉटेल घेतलंत तर चौघांचे चार रात्रींचे ९६ यूरो. काही जण रोखच मागतात. आणि खोलीत जितकी माणसं तितकी बुकिंगमध्ये दाखवा. प्रत्येकाचा पासपोर्ट पोलिसांकडे कळवणं मालकाला बंधनकारक असतं, त्यामुळे 'मुलगा लहान आहे, आमच्यातच झोपेल' हा आपला हिशेब तिथे बसत नाही.

भटका_जोशी
भाड्याच्या मोटारीचं: नका घेऊ. या तिन्ही शहरांत ती निव्वळ ओझं. जुन्या भागांत झेडटीएल म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्र असतं. परवानगीशिवाय शिरलं की कॅमेरा नंबर टिपतो, भाड्याची कंपनी तुमचा पत्ता कळवते आणि काही महिन्यांनी दंडाचं पत्र घरी येतं. प्रत्येक वेळी शिरलात त्याचा वेगळा दंड. टस्कनीच्या खेड्यांत शेतघरावर राहायचं असेल तरच गाडीला अर्थ आहे, आणि तेव्हा आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून आधी काढून न्या.

व्हिसा आणि बुकिंगचा क्रम असा ठेवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस आधी. पण मेच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं काम असतं, म्हणून शक्य तितक्या लवकर जा. सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग दाखवावं लागतं, ते मोफत रद्द होणारंच करा. विमा किमान ३०,००० यूरोंच्या संरक्षणाचा हवा. व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० यूरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५, सेवाकेंद्राचं वेगळं. परतावा नसलेली रेल्वे तिकिटं आणि अपार्टमेंट व्हिसाचा शिक्का बघितल्यावरच. मात्र हाती आला की त्याच आठवड्यात तिकिटं काढून टाका. घरी असतानाच काढलीत तर बँकेचा ओटीपी परदेशात रोमिंगवर येतो की नाही ही धाकधूकही राहत नाही. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या.

गुलबक्षी
किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! २-४-४ पक्कं, मिलानवर काट. दोन शंका उरल्या. पाँपेई सासूबाईंना झेपेल का? आणि संपाबद्दल ऐकलं, प्रवासाच्या दिवशीच संप झाला तर?

चाफेकळी
पाँपेईचे रस्ते ओबडधोबड दगडांचे आहेत, सावली कमी. पण 'पाँपेई सर्वांसाठी' नावाचा पायऱ्या नसलेला मार्ग आखलेला आहे, तो अँफिथिएटरच्या दारातून सुरू होतो. आत शिरताना नकाशा मागून घ्या, तेवढाच भाग बघा आणि टोपी-पाणी बरोबर ठेवा. नेपल्सला उतरल्यावर खाली गारिबाल्दी स्टेशनातून चिर्कुमवेसुव्हियाना लोकल मिळते, 'पाँपेई स्काव्ही' स्टेशन ३५-४० मिनिटांत. नुसतं 'पाँपेई' नावाचं दुसरं स्टेशन आहे, ते नव्या गावात. लोकल खचाखच असते, पाकीट आणि मोबाइल पुढच्या खिशात. इथे दिवसभराचं सामान फक्त, बॅगा रोमलाच.

रूळावरून
संप आधी जाहीर होतात, वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर यादी असते. निघायच्या आठवडाभर आधी 'शोपेरो' (sciopero, म्हणजे संप) शब्द टाकून शोधा. संपातही काही लांब पल्ल्याच्या गाड्या हमखास चालतात, त्यांची यादी कंपनी लावते. लोकल गाड्या कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत चालवाव्याच लागतात. तुमची गाडी रद्द झाली तर तिकीट सुपर इकॉनॉमी असलं तरी पैसे परत मिळतात. त्या दिवशी दुसऱ्या कंपनीची गाडी चालू आहे का ते आधी बघा, कारण संप कधीकधी एकाच कंपनीचा असतो. आणि रोम-मुंबई विमानाच्या दिवशी विमानतळाची गाडी बंद पडलीच, तर चाफेकळींनी सांगितलेली टॅक्सी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा.