भावाला एआरव्हीसी निघाला, आता घरातल्या बाकीच्यांचं काय?

धाकटी_बहीण
माझा दादा धावताना कोसळला. सोबतच्यांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली म्हणून वाचला. निदान एआरव्हीसी. हृदयाच्या उजव्या कप्प्यातल्या स्नायूच्या जागी चरबी साचत जाते आणि ठोके बिघडतात, असं सांगितलं. त्याला आयसीडी बसवलंय, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले की झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं छोटं यंत्र. पीकेपी२ या जीनमध्ये (जनुकात) दोष सापडला. माझा इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला, म्हणजे मी सुटले का? मुलगी १२ वर्षांची आहे, धावण्याच्या स्पर्धांत उतरते. तिची जीन टेस्ट लगेच करू का? आई म्हणते, धडधाकट पोरीला कशाला तपासता?

ठोका_चुकला
ताई, एका नॉर्मल इकोवर सुटका होत नाही. माझाही इको स्वच्छ होता. ईसीजीत थोडा फरक होता आणि होल्टरवर (अंगावर लावून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) जास्तीचे ठोके खूप सापडले, मग एमआरआय झाला. हा आजार बऱ्याचदा तरुणपणी किंवा मध्यमवयात डोकं वर काढतो, त्यामुळे तपासण्या ठरावीक काळाने पुन्हा कराव्या लागतात.

मुलीच्या आधी तुमची जीन टेस्ट करा. दादाचा दोष तुमच्यात नसेल, तर तो तुमच्याकडून मुलीत जाऊच शकत नाही. तिची टेस्टच नको आणि तुमच्याही वर्षानुवर्षांच्या फेऱ्या वाचतील. असेल, तर तिच्यात येण्याची शक्यता ५० टक्के. आला तरी आजार होईलच असं नाही. पण दोष असलेल्यांत दमछाक करणाऱ्या व्यायामाने आजार लवकर उफाळतो, हे नक्की. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत स्पर्धा थांबवा, आणि तिला कारण खरं सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं 'खेळू नकोस' ऐकून मी चोरून धावायला जायचे.

चालता-खेळताना ती कधी चक्कर येऊन पडली असेल तर मात्र टेस्टची वाट बघू नका, आधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

रिपोर्टवाला
दादाच्या रिपोर्टवर 'पॅथोजेनिक', म्हणजे आजाराला कारणीभूत दोष, असं लिहिलंय का ते बघा. आमच्याकडे 'अनिश्चित अर्थाचा बदल' असं आलं. त्याच्या भरवशावर नातेवाइकांपैकी कुणालाच मोकळं करता येत नाही, त्यामुळे आमची सगळी भावंडं ईसीजी-होल्टर करत राहतात.

ठोका_चुकला
बरोबर. आणि ताई, आई-वडिलांपैकी एकात हा दोष असण्याची शक्यता मोठी आहे. त्या बाजूला कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, विचारा. आमच्याकडे वडील 'अ‍ॅटॅकने गेले' एवढंच सगळे म्हणत राहिले.

धाकटी_बहीण
'पॅथोजेनिक'च आहे. आईला विचारलं, तर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तिचा धाकटा भाऊ पोहताना गेला, पट्टीचा पोहणारा होता. आता तपासणीला ती स्वतःच तयार झालीय. मावशीला आज रिपोर्टची प्रत पाठवते, तिची तिन्ही मुलं खेळाडू आहेत.