उबर ईट्सच्या आधी टायनीआउल होतं

झोमॅटोनं २०२० मध्ये भारतातलं उबर ईट्स घेतलं तिथूनच सगळे जेवण घरपोच देणाऱ्या अ‍ॅप्सच्या खरेदी-विक्रीची गोष्ट सुरू करताय, पण टायनीआउल या जेवण मागवायच्या अ‍ॅपला असं विसरू नका राव, ते तर आपल्या पवईचं. आयआयटी मुंबईच्या पोरांनी २०१४ ला काढलं, सिकोया, नेक्सस या गुंतवणूकदारांचा पैसा आला आणि वर्षभरात एकेक शहर उघडत सुटले, एका ऑर्डरमागे हातात काय उरतं हा हिशोब मागेच राहिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये पुण्यासकट चार शहरांतली ऑफिसं बंद केली, तेव्हा पुण्यातल्या कर्मचाऱ्यांनी थकलेल्या पैशासाठी एका संस्थापकाला ऑफिसातच अडवून ठेवलं होतं. मला त्या पोरांचं फार वाईट वाटतं, नोकरी गेली आणि वर हक्काच्या पैशासाठी हे करायची वेळ आली.

पुढं २०१६ ला रोडरनर या डिलिव्हरी कंपनीनं टायनीआउल घेतलं, म्हणजे एकाकडं अ‍ॅप आणि दुसऱ्याकडं डिलिव्हरीची पोरं, नाव झालं रनर, आणि २०१७ मध्ये ते रनरच झोमॅटोनं घेतलं. झोमॅटो आधी मेनूकार्डं आणि रिव्ह्यूवालं होतं, स्विगीसारखी स्वतःची डिलिव्हरी उभी करायला त्यांना हेच पाहिजे होतं.