फायबर पंचायतीत आलाय, वाडीत कसा आणायचा? ११ घरं आहोत, सल्ला पाहिजे

सीमेवरचा_धाकटा:
नमस्कार मंडळी. आमची वाडी बेळगाव तालुक्यात, बाचीच्या अलीकडं आत डोंगराला लागून, ११ घरं. मागच्या पडवीत फोन धरला की पलीकडचा महाराष्ट्राचा टॉवर घेतो, पुढच्या अंगणात आलं की बेळगावचा, आणि मधल्या सोप्यात काहीच नाही. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरातून करतो, त्यामुळं मीटिंग असली की लॅपटॉप घेऊन पडवीत भाताच्या पोत्यावर बसायचं, मागं म्हैस, आणि तिकडं मॅनेजर विचारतोय कोण ओरडलं.

पंचायतीत सरकारी फायबर येऊन बरीच वर्षं झाली. पेटी भिंतीला आहे, खोलीला कुलूप आहे. तिथनं वाडी दोन किलोमीटरच्या थोडी वर. आता केबलवाला सांगायलाय की घरामागं ९ हजार द्या, आम्ही खांब रोवून वायर ओढतो, महिन्याचं बिल वेगळं. म्हणजे वाडीचे ९९ हजार. तरणी पोरं तयार आहेत पण थोरले काका मध्येच म्हणाले, "पैसे आपले, मग वायर कुणाची?" आणि सगळे गप्प. केबलवालापण गप्प.

दुसरं म्हणजे बॉर्डरच्या पलीकडं शिनोळीच्या बाजूला फायबर आमच्यापासून ६०० मीटरवर आलाय, डोळ्यानं दिसतोय. तिथनं घेता येत नाही का? पेरणीच्या आत करायचं आहे, नंतर वाडीत कोण सापडत नाही.

शिफ्टवाला_शिनोळी:
भावा मी रोज बेळगावहून शिनोळीला एमआयडीसीत जातोय, तुझं दुःख समजतं. पण पलीकडनं ओढायचं डोक्यातनं काढ. टेलिकॉमच्या हिशोबात कर्नाटक वेगळं सर्कल, महाराष्ट्र वेगळं. इंटरनेट देणाऱ्यांची लायसन तीन प्रकारची, ए म्हणजे देशभर, बी म्हणजे एका सर्कलपुरती, सी म्हणजे त्याहून लहान, साधारण जिल्ह्याएवढा भाग. पलीकडच्या चंदगडकडच्या लहान ऑपरेटरकडं बी किंवा सी असंल तर त्यानं बॉर्डर ओलांडून तुझ्या घरात कनेक्शन देणं म्हणजे स्वतःचं लायसन धोक्यात घालणं. रात्री गुपचूप ओढून देणारे भेटतात, नाही असं नाही, पण बंद पडल्यावर तक्रार कुठं करणार? कागदावर तू त्यांचा गिऱ्हाईकच नाहीस.

आपण १९५६ पासून या रेषेवर भांडतोय, वायरीनं तरी का सोडावं म्हणा.

डोंगरातला_गडी:
एवढं कशाला. ५जी चा डबा घ्यायचा, छपरावर लावायचा, विषय संपला. ९ हजारात वर्षभर चालंल.

सीमेवरचा_धाकटा:
@डोंगरातला_गडी सोप्यात ४जी ची एक कांडी येत नाही दादा, ५जी कुठलं. टॉवर डोंगराच्या आड आहे. मित्राचा डबा आणून छपरावर धरून बघितला, दुपारी थोडं येतं, संध्याकाळी सगळे रील बघायला बसले की गोल गोल फिरतंय.

जोडणारा_अण्णा:
मी १४ वर्षं हेच काम करतोय, आधी कॉपरचे जॉइंट, आता फायबर. जरा सविस्तर लिहितो, मोबाईलवर टाईप करतोय, चुकभूल द्या घ्या.

पहिलं, पंचायतीपर्यंत फायबर आला म्हणजे घरापर्यंत आला असं कधीच नव्हतं. ती योजना २०११ ला मंजूर झाली, तेव्हा नाव एनओएफएन, पुढं २०१५ ला भारतनेट झालं. काम होतं तालुक्याच्या एक्सचेंजपासून पंचायतीपर्यंत काच, म्हणजे फायबर, पोचवायचं. पंचायतीपासून पुढं घरात कोण नेणार ते मागं पडलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं सुधारित भारतनेट मंजूर केलं, १ लाख ३९ हजार कोटींच्या वर रक्कम, त्यात खेड्यातली दीड कोटी घरं जोडायचं लिहिलंय आणि ते गावातल्याच उद्योजकाच्या मार्फत, कमाईत वाटा देऊन. म्हणजे तुमचा केबलवाला त्यात बसू शकतो. आधी त्याला विचारा की तो स्वतःच्या जिवावर देतोय का बीएसएनएलचा भागीदार म्हणून. दोन्ही चालतं, पण बिल कुणाच्या नावानं येणार आणि तक्रार नंबर कोण देणार ते आत्ताच कळू दे.

आता वायरीचं. लोक इथंच फसतात. तुमच्या ११ घरांना पंचायतीतनं ११ बारीक काळ्या वायरी ओढणार असंल तर हात जोडून नको म्हणा. त्या ड्रॉप वायरी आहेत, खांबापासून घरात न्यायला, दोन किलोमीटर लोंबकळत ठेवायला नाहीत. बरोबर काम म्हणजे पंचायतीपासून वाडीपर्यंत एकच ६ कोरची, म्हणजे आत सहा काचा असलेली, हवेतनं जाणारी केबल, वाडीत देवळाजवळच्या खांबाला एक पेटी, त्यात १६ चा स्प्लिटर, म्हणजे एका काचेतला उजेड १६ वाटांना वाटणारा तुकडा, आणि पेटीतनं घराघरात ५०-१०० मीटर ड्रॉप. ११ घरं एकाच काचेवर चालतात, केसाएवढी काच असते ती. उरलेले ५ कोर राखीव. उद्या एक तुटला तर दुसऱ्यावर टाकायचं, परत केबल ओढायला नको.

स्पीड वाटला जाईल म्हणून कोणी घाबरवतील. जीपॉनमध्ये, म्हणजे एक काच अनेक घरांत वाटायच्या या पद्धतीत, एका काचेवर खाली यायला अडीच जीबीपीएस असतं, ११ घरांना काय होतंय. घोटाळा उजेडाचा असतो. पंचायतीतल्या मशीनमधनं उजेड साधारण प्लस ३ डीबीएम निघतो (डीबीएम हे उजेडाचं माप), वाटेत जेवढा कमी होतो तो डीबीत मोजतात. १६ चा स्प्लिटर १४ डीबीच्या आसपास खातो, त्याच्या आधी कुठं ४ चा बसवला असंल तर तो ७ च्या वर खातो. दोन किलोमीटरची काच स्वतः एक डीबी पण खात नाही, म्हणजे लांबीचं कारण सांगून कोण पैसे वाढवत असंल तर ते खांबांचे पैसे आहेत, काचेचे नाहीत. जॉइंट आणि कनेक्टरला दीड-दोन धरा. दोन्ही स्प्लिटर धरून घरात उणे २०-२१ मिळालं पाहिजे. उणे २७ च्या खाली गेलं की मॉडेमवर लाल लाईट. उणे २५-२६ वर कनेक्शन चालू करून देतात आणि निघून जातात, उन्हाळ्यात चालतं, पहिल्या पावसात मरतं. म्हणून पैसे देताना उजेड मोजायचा मीटर लावून दाखवायला सांगा, मोबाईलवर स्पीड दाखवला म्हणून खूश होऊ नका.

आणि शेवटचं टोक मशीननं जोडायला सांगा. आजकाल हातानं दाबून बसवायचे कनेक्टर आलेत, दोन मिनिटाचं काम, पण ओल लागली की ढिले. ज्याच्याकडं काच वितळवून जोडायचं स्प्लायसिंग मशीन स्वतःचं नाही, बेळगावहून भाड्यानं बोलवावं लागतं, त्याच्याकडं तुटल्यावर किती दिवस लागतात त्याचा अंदाज तुम्हीच करा.

काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एकट्यानं खरा प्रश्न विचारला.

मलप्रभेकाठी:
अण्णांनी बरोबर लिहिलंय, पण मी खानापूरकडचा, कणकुंबीच्या बाजूचा, आमच्याकडचं ऐका. आम्ही ७ घरांनी असंच वर्गणी काढून आणलं. खांबाचे पैसे वाचवायला अर्ध्या रस्त्यात झाडांना बांधली केबल. जांभूळ, फणस, मिळंल ते. मृगात वारं सुटलं आणि झाडं डोलायला लागली तशी केबल ताणून ताणून तीन जागी गेली. तेवढ्यात वानरं. वानरांना त्या वायरीवर झोका घ्यायला काय आवडतं कुणास ठाऊक, एक लोंबकळलं की मागनं पाच. खारी कुरतडतात ते वेगळंच.

तुटल्यावर माणूस यायला ९ दिवस, का तर पाऊस थांबू दे मग वर चढतो. आमच्याकडं पाऊस थांबतोय कधी? गणपतीला.

तुमच्या वाटेत फॉरेस्टची हद्द आहे का ते पण बघा. आमच्याकडं जंगलातनं दोन खांब रोवायचे तर परवानगी, आणि ती मिळेस्तोवर वर्ष गेलं. डोंगराला लागून म्हणताय म्हणून सांगतोय.

अजून एक. आमच्या पंचायतीला जाणारी मेन लाईनच एकेरी होती, एका टोकातनं दुसरीकडं. मध्ये नळाच्या पाईपसाठी जेसीबी लागला की पुढची सगळी गावं अंधारात. मग आमची वाडीतली वायर कितीही चांगली असली तर काय उपयोग. नव्या योजनेत रिंग करणार म्हणतात, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं येतंय. तुमच्या पंचायतीपर्यंत रिंग झालीय का विचारा. खोदण्याआधी कळवायला २०२३ मध्ये सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप काढलंय, पण जेसीबीवाला ॲप उघडणार का पाईप टाकणार. एकदा तर चोरांनी तांबं समजून कापून नेली, पुढं ओढ्यात टाकून दिलेली सापडली. शिव्या घातल्या असतील त्यांनीपण.

कडोलीची_ताई:
मी घरी पोरांचे ऑनलाईन क्लास घेते, दोन वर्षं फायबर आहे, चांगला आहे. पण लाईट गेली की नेट गेलं, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. मॉडेमला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या, तीन-चार तास निघतात. पण पंचायतीतल्या मशीनची बॅटरी मेली असंल तर तुमचा यूपीएस नुसता शोभेचा. आमच्या इथं ती खोली संध्याकाळी बंद, किल्ली कुणाकडं ते गावाला माहीत नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून बॅटरीचे पैसे केबलवाल्याला दिले आणि एक किल्ली त्याच्याकडं ठेवायला लावली.

मॉडेम कुठं लावायचा ते तुम्ही ठरवा, आलेल्या पोरावर सोडू नका. तो खिडकीजवळ लावून मोकळा होतो. जुन्या दगडी भिंतीतनं वायफाय पलीकडं जात नाही. माजघरात मधोमध घ्या, चार मीटर वायर जास्त लागली तर लागू दे.

जोडणारा_अण्णा:
ताईंचं १००%. अजून एक राहिलं, ड्रॉप वायरीत स्टीलची तार नसलेली घ्या, फायबर-प्लास्टिकच्या काड्यांची मिळते. डोंगराच्या कडेला वीज पडते, तारेतनं घरात कशाला आणायची. आणि पेटीपाशी १०-१५ मीटरचा लूप गुंडाळून ठेवायला सांगा, तुटलं तर ओढून घ्यायला.

विजेच्या खांबावरनं नेतो म्हणाला तर वीज कंपनीची लेखी परवानगी बघा, नाहीतर एक दिवस लाईनमन येऊन कापून टाकतो आणि त्याचं काही चुकत नाही. स्वतःचे खांब असतील तर पंचायतीचा ठराव. खांब-केबलीला जागेतनं वाट द्यायचे (राईट ऑफ वे) नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, अर्ज पोर्टलवर होतो, तो ऑपरेटरनं करायचा, तुम्ही नाही.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर, न लिहिता दिलेत तर वायर त्याची. लिहून घेतलंत तर जे लिहाल ते. मी असतो तर निम्मे आधी, निम्मे मीटर बघून दिले असते, आणि काही भाग महिन्याच्या बिलात वळता करून मागितला असता.

सीमेवरचा_धाकटा:
महिन्याभरानं लिहितोय, माफी असावी, मध्ये पेरणी आली.

तुमचं सगळं छापून काढलं आणि देवळात बैठक घेतली. केबलवाल्याचा बेत खरंच ११ वायरींचाच होता. अण्णांचं वाचून दाखवल्यावर म्हणाला, हे कोण सांगतंय तुम्हाला. पण तयार झाला, कारण हिशोब केल्यावर एका केबलीत त्याचीच वायर वाचत होती. बीएसएनएलचा भागीदार आहे, बिल त्यांच्याच नावाचं. ९ चे ७ हजार झाले, ४ आधी आणि ३ नंतर, आणि २ हजार बिलात वळते. १०० च्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की त्यानं धंदा सोडला तर पंचायतीपासून पेटीपर्यंतची केबल वाडीची. सही करायला त्यानं दोन दिवस घेतले. काकांनी तेवढे दोन दिवस त्याच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसून काढले, काही बोलले नाहीत, नुसते बसले.

फॉरेस्टची हद्द वाटेत नाही, सुटलो. ४४ खांब लागले, खड्डे आम्हीच मारले. झाडाला एकपण गाठ नाही. रिंग अजून नाही, एकेरीच आहे, त्याला आपण काय करणार.

आठव्या दिवशी लाल लाईट. खालच्या घरच्यांनी फणसाची फांदी उतरवली ती थेट ड्रॉपवर. लूप होता म्हणून पाच तासात जोडून झालं, पण मशीन उचगावहून यायचं होतं त्यातच चार तास गेले.

मीटर लावला तेव्हा आमच्या माजघरात उणे २१.४ आला. पोरं ओरडली, बसलं एकदाचं. काकांनी चष्मा लावून तो आकडा वाचला आणि केबलवाल्याला म्हणाले, "उणे आलंय की रे. उरलेले तीन हजार पण उणेच देऊ काय?"

दिले नंतर. पण माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.